माळावरचे दगडी थडगे कसे ओळखावे, कसे पाहावे आणि कसे नोंदवावे

गोकाकचा धबधबा पाहायला पावसाळ्यात बेळगाव, निपाणी, संकेश्वर आणि कोल्हापूर या बाजूंनी जी गर्दी लोटते, तिच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते की त्याच घटप्रभेच्या खोऱ्यात, कोन्नूरच्या शिवारात, शिळा उभ्या करून बांधलेली प्राचीन थडगी असल्याची नोंद मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये झालेली आहे. अशी थडगी उत्तर कर्नाटकात अनेक ठिकाणी आहेत आणि त्यांतली बरीचशी फलकाविना, कुंपणाविना, कुणाच्या तरी बांधालगत किंवा गायरानात उभी आहेत. ज्यांना ती स्वतः जाऊन पाहायची आहेत, किंवा ज्यांच्या शिवारात असे काही आढळले आहे आणि पुढे काय करावे हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. अशा ठिकाणचा सगळा पुरावा वस्तूंच्या जागेत असतो. खापराचा तुकडा जिथे पडला तिथेच असेल तर अभ्यासकाला त्यावरून काळ, दफनाची रीत, कक्ष नंतर कुणी उचकला का, असे बरेच काही सांगता येते. तोच तुकडा खिशात घालून घरी आणला की कपाटात धूळ खाण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून पाहणे, मोजणे, रेखाटणे आणि कळवणे एवढीच कामे आपली आहेत. उचलणे, उकरणे आणि ‘जरा साफसफाई करणे’ ही कामे आपली नाहीत.

काळाचा घोटाळा आधी निस्तरावा

इंटरनेटवर नवाश्मयुगीन दगडी थडग्यांचा शोध घेतला की समोर येतात ती बहुतेक युरोपातली. आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ते सुमारे इ.स.पू. ३२०० मध्ये बांधले गेले, आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा प्रकाश दारावरच्या झरोक्यातून लांब बोळ ओलांडून आतल्या खोलीपर्यंत पोहोचतो. तिकडची ही थडगी बांधणारे लोक शेती करीत होते, गुरे पाळीत होते, पण लोखंड त्यांना माहीत नव्हते. त्यामुळे त्यांना नवाश्मयुगीन म्हणणे बरोबरच आहे. तेच विशेषण उचलून कोन्नूरच्या किंवा ऐहोळेच्या थडग्याला लावणे मात्र चुकीचे ठरते, आणि माहितीफलकांपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लेखांपर्यंत ही चूक सर्रास होते.

कर्नाटकात नवाश्मयुग ढोबळमानाने इ.स.पू. ३००० ते १२०० असे मानले जाते. त्या काळातील लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा घराशेजारी खड्ड्यात पुरीत असत आणि तान्ह्या मुलांना मडक्यात ठेवून पुरीत असत. बळ्ळारी जिल्ह्यातील तेक्कलकोटा येथे १९६३-६४ मध्ये झालेल्या उत्खननात तर मोठ्या माणसांची दफने तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या अनेक मडक्यांत केलेली आढळली. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली ठेवीत. यांपैकी कोणत्याही दफनावर जमिनीवरून दिसेल अशी दगडी खोली नव्हती. शिळा उभ्या करून त्यांवर आडवी शिळा ठेवण्याची रीत आपल्या भागात रुजली ती लोहयुगात, म्हणजे साधारण इ.स.पू. १२०० नंतरच्या हजारभर वर्षांत. या थडग्यांना अभ्यासक महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन म्हणतात.

मग दोन्ही काळ एकत्र का सांगितले जातात? त्याचे कारण जमिनीत आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या खालच्या थरांत घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या, त्यावर महापाषाणीय लोकांचा थर मिळाला, आणि दोहोंच्या सीमेवर दोन्हींची सरमिसळ आढळली. म्हणजे जुन्या वस्तीच्याच आसपास पुढच्यांनी थडगी बांधली. त्यामुळे थडग्याजवळ गुळगुळीत दगडी कुऱ्हाड सापडली, तरी त्यावरून थडगे नवाश्मयुगीन ठरत नाही. शिवाय अशा कुऱ्हाडी मुळात आपल्या जागी राहतातच असे नाही. कर्नाटकातल्या कित्येक खेड्यांत त्या कुणीतरी पूर्वी उचलून लिंबाच्या पारावर किंवा देवळाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलेल्या आणि शेंदूर लावून पुजलेल्या आढळतात.

कुठे शोधावे

याचे उत्तर दगडात आहे. खोली उभारायला पातळ, सपाट आणि लांबरुंद शिळा लागतात, आणि त्या सगळ्याच दगडांतून निघत नाहीत. गोकाकपासून बदामीपर्यंत पसरलेला कलादगी मालिकेचा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट थराथराने उलगडतो. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून उडी घेते तो कडा याच खडकाचा आहे. पहारीने फट मोठी केली की त्यातून फरशीसारखी शिळा सुटते, म्हणूनच हा पट्टा थडग्यांना अनुकूल ठरला. याउलट खानापूरकडचा जांभा आणि बेळगावच्या पश्चिमेचा काळा कातळ यांतून अशा शिळा सहज सुटत नाहीत, तेव्हा त्या बाजूला दगडी खोल्या शोधत वणवण करण्यात फारसा अर्थ नाही. विदर्भात नागपूरच्या परिसरात, जुनापाणी आणि माहूरझरी येथे, त्याच काळातल्या लोकांनी गोलसर धोंड्यांची शिलावर्तुळे रचून त्यांच्या आत दफने केली. खडक बदलला की थडग्याचा आकार बदलतो, हे एकदा ध्यानात आले की नकाशा पाहतानाच अर्धे काम होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोन्नूरपेक्षा ऐहोळेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळेला देवळे पाहायला सगळेच जातात आणि दुर्ग मंदिरापाशी फोटो काढून परततात. पण मेगुती टेकडीवर चढून, इ.स. ६३४ च्या रविकीर्तीच्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेले जैन मंदिर ओलांडून मागच्या सपाट खडकावर गेले की तिथे कितीतरी दगडी कक्ष एकमेकांजवळ उभे दिसतात. चालुक्यांचे मंदिर उभे राहिले तेव्हाच ते कित्येक शतके जुने झालेले होते. तिथे शिळा स्पष्ट दिसतात, रस्ता सोपा आहे, आणि डोळ्यांना एकदा नमुना बसला की पुढे शेतातले अर्धवट पडलेले थडगेही ओळखू येते.

ज्यांची पायपिटीची तयारी आहे त्यांनी पुढे कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळचे हिरेबेणकल पाहावे. तिथे ग्रॅनाइटच्या डोंगरावर सुमारे ४०० महापाषाणीय रचना आहेत, काही कक्ष माणसाच्या उंचीहून मोठे आहेत, आणि एका उंच धोंड्यावर नगाऱ्याच्या आकाराचा मोठा दगड ठेवलेला आहे, जो लाकडाने वाजवला की त्याचा आवाज दूरवर जातो, असे सांगतात. तो वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या सेवेतले इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी या जागेची नोंद केली होती. २०२१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कोन्नूरला मात्र धबधब्याचीच कमान आणि धबधब्याचीच गर्दी आहे. थडग्यांसाठी तिथे गावातच विचारत जावे लागते.

हंगाम मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा निवडावा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढे असते, त्यात शिळाही दिसत नाहीत आणि सापही दिसत नाहीत. चैत्रात दगड तापतात आणि उन्हाचा प्रकाश डोक्यावरून सपाट पडतो, त्यात दगडावरची छिन्नीची खूण दिसत नाही. सकाळी आठपर्यंत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर तिरप्या उन्हात तीच खूण स्पष्ट उमटते.

गावात कसे विचारावे

‘इथे महापाषाणीय दफनकक्ष कुठे आहे’ असे विचारले तर कुणीही मान हलवील. गावकऱ्यांकडे या जागांची स्वतःची नावे आहेत. मराठी बोलणारे ‘पांडवांची घरे’ म्हणतात, कन्नड बोलणारे ‘पांडवर मने’ किंवा ‘मोर्यर मने’ म्हणतात. मोर्य म्हणजे पूर्वी होऊन गेलेली बुटकी पण अतिशय बळकट माणसे. आकाशातून आगीचा पाऊस पडणार हे कळल्यावर त्यांनी ही दगडी घरे बांधली आणि आतच त्यांचा अंत झाला, अशी कथा कर्नाटकात अनेक ठिकाणी सांगतात. कथेला हसू नये. ती सांगणारा माणूसच तुम्हाला जागेपर्यंत नेणार असतो, आणि शिळेला असलेले गोल भोक पाहून एवढ्याशा दारातून जाणारी माणसे बुटकीच असणार, असा तर्क पूर्वजांनी केला असेल तर तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही.

माहिती सर्वांत जास्त असते ती मेंढपाळांना. तालुक्याच्या गावी पानपट्टीवर चौकशी करण्यापेक्षा माळावर मेंढ्या राखणाऱ्या एखाद्या अज्जाजवळ दहा मिनिटे बसावे. ‘अज्जा, या अंगाला उभ्या फरश्यांचं जुनं घर कुठं हाय का, ज्याला गोल भोक हाय?’ एवढे विचारले की पुरते. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि उभ्या शाळूतून किंवा हरभऱ्यातून वाट काढू नये. काही ठिकाणी जुन्या कक्षातच मसोबा किंवा मरगाईची स्थापना झालेली असते. तिथे चपला बाहेर काढाव्यात, पूजा करणाऱ्याला विचारूनच फोटो घ्यावा, आणि शेंदराखाली काय आहे ते खरवडून पाहू नये.

खरे थडगे कसे ओळखावे

नुसत्या उभ्या फरश्या दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नये. शेताच्या हद्दीचे दगड, पाणंदीच्या कडेची कुंपणे, मेंढपाळांचे आडोसे आणि दगडाच्या खाणीतला टाकाऊ माल या सगळ्यांत उभ्या-आडव्या शिळा असतातच. वीरगळ तर गावोगावी आहेत. पण वीरगळावर खालपासून वरपर्यंत कोरलेले कप्पे, लढाईचे दृश्य, वर चंद्रसूर्य आणि शिवलिंग असते, कधी जुन्या कन्नडमधला लेखही असतो, तेव्हा त्याचा गोंधळ होण्याचे कारण नाही. महापाषाणीय कक्षाच्या शिळांवर साधारणतः असे कोरीव काम नसते.

पाहायचे ते जोडणीकडे. ब्रह्मगिरीच्या कक्षांत चार उभ्या शिळा अशा लावलेल्या आहेत की प्रत्येक शिळेचे एक टोक शेजारच्या शिळेच्या पुढे निघते आणि दुसरे टोक दुसऱ्या शेजारणीच्या आड येते. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार झाकणे आपण एकात एक अडकवून बंद करतो, तशीच ही अडकवण आहे. वरून पाहिले तर स्वस्तिकाची आकृती दिसते. बाहेरची माती आणि धोंडे आत दाबू लागले की प्रत्येक शिळा दुसरीला टेकते आणि कक्ष आत कोसळत नाही. चुना नाही, खिळा नाही, खाच नाही. नुसता भार भाराला तोलतो. थडगे अर्धे पडलेले असले आणि दोनच शिळा उभ्या असल्या, तरी एकीचे टोक दुसरीच्या पुढे गेलेले दिसले, तर ते माणसाने मुद्दाम केलेले काम आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी खूण म्हणजे शिळेतले गोल भोक. पुष्कळ कक्षांना ते असते, सगळ्यांना नसते. ब्रह्मगिरीला ते पूर्वेच्या शिळेत आहे. त्याच्या कडेवर बोट न फिरवता नुसते तिरप्या उजेडात पाहावे. ठोकून ठोकून केलेल्या भोकाच्या कडेला बारीक खड्ड्यांची नक्षी दिसते आणि भोक बाहेरून रुंद, मध्ये अरुंद असते, कारण दोन्ही बाजूंनी टोचत आणलेले असते. अलीकडच्या यंत्राने पाडलेले भोक मात्र आतून सरळ आणि घासलेले असते. हे भोक कशासाठी होते, यावर मतांतरे आहेत. एकाच कक्षात एकाहून अधिक माणसांच्या अस्थी वेगवेगळ्या वेळी ठेवल्या गेल्या असाव्यात आणि त्यासाठी हे दार लागत असावे, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. बऱ्याच ठिकाणी संपूर्ण देह नाही, तर वेचून आणलेल्या अस्थीच ठेवलेल्या मिळाल्या आहेत.

तिसरी खूण आजूबाजूला पाहायची: कक्षाभोवती धोंड्यांचे कडे आहे का, आणि खापरे कोणती आहेत. या काळाची ओळख असलेले मडके बाहेरून तांबडे, आतून आणि काठाला काळे असते, आणि पृष्ठभाग घोटून चकचकीत केलेला असतो. भट्टीत मडके पालथे घातले की आतल्या बाजूस आणि राखेत बुडालेल्या काठास हवा मिळत नाही, म्हणून तेवढा भाग काळा पडतो. बाहेरच्या बाजूस हवा लागते आणि तो तांबडा भाजतो. असे तुकडे दिसले तर जागेवरच, बाजूला मोजपट्टी ठेवून, फोटो काढावा. आत मिळते ते बहुधा एवढेच: मडकी, गंजलेली लोखंडी हत्यारे, मणी. अमावास्येच्या रात्री नारळ, लिंबू आणि कुंकू घेऊन ‘गुप्तधन’ खणणाऱ्यांनी कित्येक कक्ष फोडले आहेत. त्यांना मिळाली ती खापरे, आणि अभ्यासकांना उरला तो खड्डा.

जागेवर काय करावे

सोबत पाच मीटरच्या दोन मोजपट्ट्या, सुतळी, आलेख कागद, पेन्सिल, फोन, भरपूर पाणी आणि घोट्यावर येणारे बूट असावेत. खुरपे, झाडू आणि खडू घरी ठेवावेत. गेल्यागेल्या शिळेला हात लावू नये. आधी चार पावले दूर उभे राहून फिरून पाहावे. फटींत फुरसे किंवा घोणस असू शकते, आडव्या शिळेखाली आग्या मोहोळही असते, त्यामुळे आत हात घालणे, काठीने ढोसणे आणि रांगत आत शिरणे हे तिन्ही प्रकार टाळावेत. मुले बरोबर असतील तर वरच्या शिळेवर चढून फोटो काढण्याला स्पष्ट नकार द्यावा. दोनतीन हजार वर्षे तोललेला भार चार पोरांच्या उड्यांसाठी बांधलेला नाही.

आता नकाशा. जमिनीत खुंट्या ठोकायच्या नाहीत; पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांना सुतळी बांधून ती कक्षाच्या एका बाजूने ताणून ठेवावी आणि तिच्याबरोबर एक मोजपट्टी पसरावी. ही आपली आधाररेषा. मग शिळेच्या प्रत्येक कोपऱ्यापासून या रेषेपर्यंत काटकोनात दुसऱ्या पट्टीने अंतर घ्यावे. काटकोनाची खात्री हवी असेल तर रेषेवर तीन फूट, आडवे चार फूट आणि तिरपे पाच फूट जुळते का पाहावे. आलेख कागदावर एक मीटरला पाच सेंटिमीटर असे प्रमाण धरले, म्हणजे एकास वीस, तर साधारण आकाराचा कक्ष एका पानावर सुखाने मावतो. भोक असलेल्या शिळेला एक क्रमांक द्यावा आणि तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढचे क्रमांक द्यावेत. भोकच नसेल तर उत्तरेकडच्या शिळेपासून सुरुवात करावी. प्रत्येक शिळेची लांबी, जमिनीवरची उंची, जाडी आणि ती कोणत्या बाजूस कलली आहे हे क्रमांकापुढे लिहावे. उंची वरच्या कोरेपासून आजच्या मातीपर्यंत मोजावी आणि तसे नमूद करावे, कारण शिळा मातीत आणखी किती खोल गेली आहे हे आपल्याला दिसत नाही.

फोटो चार दिशांनी, एक लांबून परिसरासह, एक भोकाचा जवळून आणि एक जोडणीचा, एवढे पुरतात. प्रत्येकात मोजपट्टी आणि उत्तर दिशा दाखवणारा कागदी बाण असावा. फोनमधल्या होकायंत्राने दिशा घेण्याआधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून तो स्थिर करून घ्यावा. दगडावर करड्या-पिवळ्या रंगाचे जे चट्टे असतात ते खरवडू नयेत. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल याच कुळातले, आणि त्याची वाढ इतकी संथ असते की ते अखंड असणे हाच दगड फार काळ कुणी हलवला नसल्याचा एक संकेत ठरू शकतो. खुणा नीट दिसाव्यात म्हणून पाणी ओतणे किंवा खडूने गिरवणे हेही करू नये.

नोंदवहीत जागेचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, गावकऱ्यांच्या उच्चारानुसार लिहावे. त्याखाली गाव, तालुका, जमिनीच्या पहाणी उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, दगडाचा प्रकार, कक्षाची अवस्था आणि त्याला असलेला धोका यांची नोंद असावी. धोका हा रकाना रिकामा सोडू नये. हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांच्या कालव्यांचे पाणी पोहोचल्यापासून उसासाठी जमीन सपाट करण्याचे काम जेसीबीने होते, आणि बांधावरच्या ‘निरुपयोगी’ फरश्या त्यात आधी जातात. दगडाची खाण जवळ असेल तर तीही लिहावी.

कुणाला आणि कसे कळवावे

१९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात स्मारकाची जी व्याख्या आहे, तिच्यात शंभर वर्षांहून जुनी दफनस्थळे स्पष्ट शब्दांत येतात. जी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित आहे, तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, हे २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आले. अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घोषित नसलेल्या थडग्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणूनच कळवण्याला महत्त्व आहे.

यात सर्वांत नाजूक भाग आहे तो शेतकऱ्याशी बोलण्याचा. ‘सरकार जमीन घेणार’ ही भीती पसरली की थडगे एका रात्रीत नाहीसे होते. त्याला खरी प्रक्रिया समजावून सांगावी: केंद्र सरकारला एखादी जागा संरक्षित घोषित करायची असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते, त्या मुदतीत जमीनमालकाला हरकत घेता येते, आणि तिचा विचार केल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. नुसता अर्ज गेला म्हणून उताऱ्यावरचे नाव बदलत नाही. अर्ज करण्याआधी मालकाला तो वाचून दाखवावा. त्याची सही मिळाली तर अर्जाचे वजन वाढते.

अर्ज तहसीलदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, आणि प्रती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाला व राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पाठवाव्यात. तो कन्नडमध्ये लिहावा, हा माझा व्यावहारिक सल्ला आहे. भाषेचे मतभेद त्यांच्या जागी असोत, पण दगडाचा अर्ज त्या वादात अडकून पडू नये. नकाशा, तीनचार फोटो आणि सर्व्हे नंबर जोडून पोच घ्यावी आणि आवक क्रमांक लिहून ठेवावा. जेसीबी उद्याच येणार असेल तर टपालाची वाट न पाहता तहसीलदार कार्यालयात स्वतः जावे. जमीन नांगरताना मडके, हत्यार किंवा मणी वर आले असतील तर तेही जिल्हा प्रशासनाला कळवणे बंधनकारक आहे. ते धुऊन-पुसून घरात ठेवू नयेत.

अक्षांश-रेखांश अर्जात द्यावेत, फेसबुकवर देऊ नयेत. फोटो टाकायचाच असेल तर फोनमधली स्थानाची नोंद बंद करून, गावाऐवजी तालुक्याचे नाव लिहावे. गुप्तधनवाले अशा पोस्ट आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात.

त्यानंतर दरवर्षी पौषाच्या सुमारास त्याच जागेवर उभे राहून त्याच कोनातून एक फोटो काढावा. पहिल्या वर्षी दोन बोटांची असलेली फट पुढल्या वर्षी चार बोटांची दिसली, किंवा आडवी शिळा एका अंगाला सरकलेली आढळली, तर दोन्ही फोटो तारखांसह जोडून आणि जुना आवक क्रमांक वर लिहून दुसरा अर्ज करावा.